फुली

खाली पिठाची गिरणी आहे,
म्हणून आमच्या वाचनालयातली धूळ पांढरी.
चेंबूर नाक्यापासून सात मिनिटं, पहिला मजला.
नव्या पुस्तकांचं सोपं असतं:
पाठीवरच्या पट्टीवर स्कॅनर धरला की टिट्,
लेखक, प्रकाशक, पानं, सेंटिमीटर
आपणहून येऊन बसतात खान्यांत.
जुन्यांचा आकडा मी हातानं भरते.
एक्याऐंशी म्हणजे भारत, मग प्रकाशकाचं घर,
मग त्या घरातलं कितवं मूल,
आणि शेवटी एक अंक, जो कशाचाच नसतो,
आधीच्या नऊ जणांची झडती घ्यायला दारात उभा.
कधी तो दहा येतो, एका जागेत मावत नाही,
तेव्हा तिथे फुली.
मला पहिल्या वर्षी ती खोडाखोड वाटायची.

मंगळवारी देवयानी वैती आली, ट्रॉम्बे कोळीवाड्यातून,
खाडीच्या मासळीवरचं ते पातळ पुस्तक मागत.
नोंद एक, प्रती दोन.
मी हाताला लागली ती निळी दिली.
तिनं शेवटून चाळली, पुन्हा चाळली.
हे नाही. आमच्याकडे होतं ते पिवळं होतं,
पुरात गेलं. त्यात मागे बाबांचं नाव होतं.
अहो, एकच आहे, मी म्हटलं, आकडा बघा ना,
आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला,
जसं काही तिच्या घरात काय होतं
ते मला जास्त माहीत.

पिवळी निघाली नकाशांच्या मागे, कणा उसवलेली.
दोघी टेबलावर शेजारी उघडल्या.
आकडा तोच, शेवटी तीच फुली.
पिवळीची पानं शहाण्णव, निळीची ऐंशी.
अख्खा एक फॉर्म उडवलेला:
निवट्या धरायच्या पद्धती, भांगाच्या भरतीचं कोष्टक,
आणि अगदी शेवटी, बारीक टाइपात,
'श्री. धाकू वैती यांनी एका संध्याकाळी
चिखलाची सात नावं सांगितली, त्यांचे आभार.'

नुसतं पुन्हा छापलं तर आकडा जुना चालतो,
आत कापाकापी केली तर नवा घ्यायचा.
यानं घेतला नाही.
विसरला असेल, किंवा पत्र लिहायचा कंटाळा,
किंवा जुना ब्लॉक तसाच पडून होता.
गिरगावातल्या त्याच्या गाळ्यात आता
मोबाइलची कव्हरं मिळतात, विचारणार कुणाला?
आणि खरं सांगायचं तर या दोन नोंदी
मीच एक केल्या होत्या, चार वर्षांपूर्वी.
त्या दुपारी चाळीस जुळी मिटवली,
संध्याकाळी लवकर घरी गेले.

पिवळीसाठी नवी नोंद उघडली.
लाल अक्षरं आली: हा क्रमांक आधीच अस्तित्वात आहे.
आमच्या शास्त्रात चुकीच्या आकड्यांनाही एक खाना असतो,
झेड नावाचा.
तिथे आकडा राहतो, शोधला तर सापडतो,
फक्त त्याच्यावरून कुणाची ओळख पटवायची नाही.
निळीचा आकडा उचलून मी तिथे ठेवला.
पिवळीखाली टीप लिहिली:
पहिली आवृत्ती. ९६ पानं. माहिती देणारे, धाकू वैती.
'धाकू'चा 'कू' दीर्घ ना? मी विचारलं.
ती ऐकत नव्हती.
बोट सात नावांवरून खाली सरकत होतं,
तिसऱ्यावर थांबलं.

हे चुकलंय, ती म्हणाली,
बाबा असं म्हणायचे नाहीत.
तिनं तो शब्द उच्चारला. मला तो लिहिता आला नसता.
तुम्हाला दुरुस्त करता येईल का?
नाही हो, मी फक्त आवृत्ती कुठली ते लिहिते.

खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं.
पुस्तकांवर काहीही लिहू नये,
ही पाटी नेमकी तिच्या डोक्यावर,
अक्षर माझंच.
मी ड्रॉवरमधून टोक केलेली पेन्सिल काढली,
तिच्यापुढे ठेवली,
आणि संगणकाकडे तोंड करून बसले,
पुढच्या पुस्तकाचा आकडा भरत.